संशय फिटेपर्यंत: अब्राहम कॉलिस यांच्या मनगटावरील लेखाचं रसग्रहण

२१ फेब्रुवारी १८१४ ही तारीख आणि डब्लिनमधल्या स्टीफन्स ग्रीनचा पत्ता घालून अब्राहम कॉलिस यांनी एक लेख हातावेगळा केला. त्याच वर्षी तो 'एडिंबरा मेडिकल अँड सर्जिकल जर्नल'मध्ये छापून आला. मनगटाजवळ रेडियस, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचं हाड, मोडतं तेव्हा डोळ्यांना काय दिसतं, बोटांना काय लागतं आणि ते मोडलं आहे हे ओळखायचं कसं, एवढाच त्याचा विषय. जेमतेम चार-पाच पानं. एकाही रुग्णाची स्वतंत्र हकिगत त्यात नाही. तरीही दोनशे वर्षांनंतर अस्थिरोगाच्या कोणत्याही वॉर्डात 'कॉलिस फ्रॅक्चर' म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही.

लेखकाचं नाव असं अस्थिभंगालाच चिकटलं, की मूळ लेख मागे पडतो. विद्यार्थी नाव पाठ करतात, लेख उघडत नाहीत. मला मात्र हा लेख वैद्यकाच्या इतिहासातला टप्पा म्हणून जितका मोलाचा वाटतो, तितकाच गद्याचा नमुना म्हणूनही वाटतो. निदान कळल्यानंतर ते न कळण्याच्या काळाचं प्रामाणिक वर्णन करणं फार अवघड असतं, कारण उत्तर हाती आलं की आधीची चाचपड आपल्याला क्षुल्लक वाटू लागते. कॉलिस यांनी ती चाचपड जपली, तिला क्रम दिला आणि वाचकाला तिच्यातून चालवत नेलं. या लेखाचं सौंदर्य तिथे आहे.

आधी तो काळ डोळ्यांपुढे आणायला हवा. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा, म्हणजे या लेखानंतर ८१ वर्षांचा. ईथर देऊन शस्त्रक्रिया करण्याचं जाहीर प्रात्यक्षिक १८४६ मधलं. प्लास्टरच्या पट्ट्या १८५० नंतर रुळल्या. १८१४ मध्ये सुजलेलं मनगट पुढे आलं, की शल्यवैद्यापाशी दोन डोळे, दहा बोटं आणि शरीररचनेचं ज्ञान एवढीच सामग्री असे. रुग्ण पूर्ण शुद्धीत असे आणि तपासणीची प्रत्येक कळ त्याला सोसावी लागे. कॉलिस यांच्यापाशी शरीररचनेचं ज्ञान भरपूर होतं. १७७३ मध्ये किलकेनीजवळ जन्मलेला हा माणूस अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी आयर्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचा अध्यक्ष झाला, १८०४ पासून तिथे शरीररचना आणि शल्यशास्त्र शिकवू लागला, आणि १८११ मध्ये शल्यवैद्यकाच्या अंगाने शरीररचनेवरचा ग्रंथही त्याने प्रसिद्ध केला. डॉ. स्टीव्हन्स हॉस्पिटलमध्ये त्याच्यापुढे रोजचे रुग्ण होते. इतकं जाणणारा माणूस लेखाची सुरुवात कशी करतो, ते पाहण्यासारखं आहे.

सुरुवात शंकेने होते. आपल्या माहितीप्रमाणे या दुखापतीचं वर्णन कोणी केलेलं नाही, असं कॉलिस म्हणतात. या विधानात 'आपल्या माहितीप्रमाणे' ही मर्यादा त्यांनी स्वतःच घातली आहे, आणि ती घातली हे बरं झालं. फ्रान्समधल्या क्लोद पुतो यांनी अशा अस्थिभंगाविषयी आधीच लिहून ठेवलं होतं, ते १७८३ मध्ये प्रसिद्धही झालं होतं. पुढे लगेच कॉलिस आपल्या विषयाच्या विरुद्ध बाजूनं बोलतात. मनगटाजवळचं रेडियसचं टोक असं रुंद आणि भरीव, की तिथे ते मोडेल यावरच विश्वास बसू नये. त्यात मोडलेल्या हाडाची नेहमीची खूण, म्हणजे तुकडे एकमेकांवर घासल्याची करकर, इथे मिळत नाही. आणि सूज इतक्या झपाट्यानं चढते की खालचं सगळं झाकून टाकते. शीर्षकात अस्थिभंग जाहीर झालेला आहे आणि पहिल्याच परिच्छेदात तो अशक्य वाटण्याची कारणं दिलेली आहेत. पुढचा सारा लेख या दोहोंमधलं अंतर कापत जातो.

मग तपासणी सुरू होते ती नुसत्या पाहण्यानं. हात लावायचा नाही. मागच्या, म्हणजे तळहाताच्या पाठीकडच्या बाजूने पाहिलं तर मनगटाच्या वर साधारण दीड इंचावर एक खळगा, आणि त्याखाली मनगटावर व पंजाच्या पाठीवर मोठा उंचवटा. पुढच्या बाजूने पाहिलं तर भरीव फुगवटा, बोटं मिटवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या पुढे ढकलल्यासारखा. तो वर कुठपर्यंत जातो आणि खाली कुठे थांबतो, तेही नोंदलेलं आहे. करंगळीच्या बाजूचं हाड, अल्ना, तळहाताकडे आणि आतल्या कडेला डोकावतं. पण किती डोकावतं हे प्रत्येक रुग्णात निराळं, अशी पुस्ती लगेच जोडलेली आहे.

या वर्णनात एकही उपमा नाही. पुढे याच आकाराला जेवणाच्या काट्याची उपमा मिळाली आणि आज पाठ्यपुस्तकं तीच वापरतात. उपमेनं आकार चटकन लक्षात राहतो हे खरं. पण काटा डोळ्यांपुढे आला की डोळे काटा शोधू लागतात, आणि ज्या मनगटात तो नीट उमटलेला नाही ते हातून निसटतं. कॉलिस जागा, दिशा आणि अंतर सांगतात. कुठे खोल, कुठे उंच, कोणत्या कडेला, किती इंचांवर. वाचता वाचता आपण नकळत आपलंच मनगट उलटसुलट करून पाहू लागतो. शब्दांनी वाचकाच्या अंगात हालचाल उत्पन्न करणं हे गद्याचं मोठं सामर्थ्य असतं, आणि ते इथे अलंकाराची मदत न घेता साधलेलं आहे.

पाहणं संपलं की स्पर्श येतो, आणि इथे लेखाची चाल बदलते. कॉलिस एक शल्यवैद्य उभा करतात. त्याला नाव नाही, तो 'तो' आहे. तो हाताने चाचपू लागतो. अल्नाचं टोक सहज मागेपुढे हलतं, हे त्याला पहिल्यांदा जाणवतं. पाठीकडचा उंचवटा दाबून पाहिल्यावर त्याला कळतं की ही नुसती सूज नव्हे, आत हाडंही वर आलेली आहेत. म्हणजे मनगटाचा सांधाच निखळला असावा, हा पाहताक्षणी आलेला संशय बळावतो. संशय बळावला म्हणून तो पुढची बाजू अधिक बारकाईनं तपासतो. सांधा खरोखर निखळला असता तर तिथे बोटांना हाडाचा टणक अटकाव लागायला हवा होता. तो लागत नाही. तर्क सोडून द्यावा लागतो, आणि शल्यवैद्य गोंधळात उभा राहतो.

तो आता वर सरकतो. अल्ना इतकी सहज हलते, त्यावरून काही कळेल का? कळत नाही. मग रेडियस. पुढच्या बाजूने बोटं फिरवली तर हाड नेहमीपेक्षा भरलेलं लागतं. मागच्या बाजूने फिरवली तर दीड इंचावर खळगा लागल्यासारखं वाटतं. आता मात्र उलगडा होणार, असं त्याला वाटतं आणि आपल्यालाही. तो दोन्ही बाजूंनी धरून तुकडे उलट दिशांना हलवून पाहतो. रुग्णाला बरीच वेदना होते. पण करकर नाही, हाड हलल्याची जाणीव नाही, ठोस पुरावा काहीच नाही.

या परिच्छेदाची बांधणी पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे. बोटं एका जागी थांबतात, तर्क पुढे होतो, दुसरी जागा त्याला खोटं पाडते, आणि बोटं तिसरीकडे जातात. प्रत्येक स्पर्शामागे एक प्रश्न आहे आणि प्रत्येक प्रश्नाला आधीच्या स्पर्शानं जन्म दिला आहे. कोणत्याही दुखऱ्या सांध्याची चांगली तपासणी अशीच होते. आज अस्थिरोगाच्या विद्यार्थ्याला पाहा, चाचपा, हलवा हा क्रम शिकवतात, आणि अ‍ॅलन ग्रॅहम अ‍ॅपली यांच्या पाठ्यपुस्तकामुळे तो जगभर रुजला. कॉलिस यांच्या लेखात तो क्रम नियम म्हणून सांगितलेला नाही, तरी पूर्ण पाळलेला आहे. आणि नियमात जे मावत नाही तेही इथे आहे, ते म्हणजे तपासणाऱ्याच्या मनाची ओढाताण. चुकीचा तर्क वाटेत येतो, त्याला पुरती संधी मिळते, आणि पुराव्यानं हरल्यावरच तो बाजूला होतो.

रुग्णाविषयी लेख फार बोलत नाही. त्याचं वय, धंदा, तो पडला कसा, काहीच नाही. आज आपण जाणतो की पसरलेल्या पंजावर पडण्यानं ही दुखापत होते आणि रजोनिवृत्तीनंतर हाडं ठिसूळ झालेल्या स्त्रियांत ती विशेष आढळते. लेखात त्याचा मागमूस नाही. रुग्ण इथे फक्त दुखण्यातून प्रकट होतो. तुकडे हलवताना त्याला दुखतं, पंजा उताणा-पालथा करू गेलं की जोराची कळ येते, घट्ट बांधलं की पाठीवरचा दाब सोसवत नाही. वेदना हाही या तपासणीतला एक साक्षीदार आहे. तिची जागा आणि तिची वेळ कॉलिस नोंदतात. मात्र तिच्या भरवशावर निकाल देत नाहीत.

यानंतर लेखातली एक साधी कृती येते, आणि तिच्यावरच पुढचं सारं उभं आहे. शल्यवैद्यानं रुग्णाच्या हातात आपला हात गुंफून बेताच्या जोरानं ओढलं, की मनगट पूर्ववत सरळ होतं. ओढ सोडली की वाकडेपणा लगेच परत येतो. पहिल्यांदा ही कृती येते ती सापळा म्हणून. इतक्या सहज सरळ होतं म्हणजे नुसतं मुरगळलं असेल, असं वैद्य समजेल. सूज उतरायला लागतात तितके दिवस तो वाट पाहील, आणि सूज उतरल्यावर वाकडेपणा जसाच्या तसा आढळेल. दुसरी चूक सांधा निखळला असं समजण्याची. मग घट्ट पट्ट्या आणि फळ्या बांधल्या जातील, पाठीवरच्या दाबानं रुग्ण कळवळेल, काही तासांतच सोडाव्या लागतील. सैल बांधल्या तर काही आठवड्यांनी वाकडेपणा तसाच राहिलेला असेल, आणि आता ओढूनही तो जाणार नाही.

इथे लेखातला काळ अचानक लांबतो. आतापर्यंत सगळं एका तपासणीच्या मिनिटांत घडत होतं, आता तास, आठवडे, महिने येतात. चुकीच्या निदानाची किंमत कॉलिस काळाच्या मापात सांगतात. कित्येक महिने जखडलेला हात, बोटं मिटताना कळा. मग ते एक दिलासा देतात. पुष्कळ काळानंतर हात मोकळेपणानं हलू लागेल, दुखणं थांबेल, पण आकार मात्र जन्मभर तसाच राहील. हे या लेखातलं सर्वांत जास्त उद्धृत झालेलं वाक्य आहे. हाड वाकडं जुळलं तरी चालतं, अशा अर्थाने ते पुष्कळदा वापरलं गेलं. मूळ जागी वाचलं तर त्याचा सूर अगदी वेगळा लागतो. निदान चुकलेल्या रुग्णाच्या वाट्याला एवढंच उरतं, अशी ती खंत आहे, आणि तिच्या जोरावरच कॉलिस पुढे आपली रीत मांडतात.

या परिच्छेदाशी आपल्याकडच्या वाचकाची ओळख लगेच पटेल. पडल्यावर मनगट सुजलं की आपल्या घरांतून आजही आधी 'मुका मार आहे', 'मुरगळलंय' असंच म्हटलं जातं. बोटं हलतात, म्हणजे हाड शाबूत, असा पक्का समज असतो. तेल चोळलं जातं, कोणी ओळखीचा ओढून बसवून देतो, घट्ट पट्टी बांधली जाते. कॉलिस यांनी दाखवलेल्या दोन्ही चुका एकाच घरात, एकाच आठवड्यात घडू शकतात. बोटं हलण्यानं हाड मोडलं नसल्याचं सिद्ध होत नाही, कारण ती हलवणाऱ्या दोऱ्या मोडलेल्या जागेवरून तशाच पुढे गेलेल्या असतात.

आणि मग, लेखाच्या मध्यावर, 'तो' जाऊन 'मी' येतो. अशा पहिल्या काही रुग्णांचा निकाल चांगला लागला नाही, त्यामुळे विशेष काळजीने शोध घेणं भाग पडलं, असं कॉलिस सांगतात. आतापर्यंत गोंधळलेला तो अनामिक शल्यवैद्य कोण होता, ते आता उमगतं. स्वतःचं अपयश आधी तटस्थपणे, प्रत्येक टप्प्यासह मांडून मग त्यावर आपलं नाव घालणं यात मोठा संयम आहे. नाव आधी घातलं असतं तर वाचकाचं लक्ष लेखकाकडे गेलं असतं, मनगटाकडे गेलं नसतं. याच ठिकाणी ते आणखी एक गोष्ट कबूल करतात. हाडाच्या या भागाची जाडी आणि बळकटी ठाऊक होती, म्हणूनच तिथे ते मोडेल हे मन मानत नव्हतं. ज्ञानानंच वाट अडवली होती. आज आपल्याला माहीत आहे की ती रुंदी आतून जाळीदार हाडाची असते आणि वरचं कवच पातळ असतं.

पुष्कळ प्रयत्न फसल्यावर सापडलेली रीत दोनच वाक्यांत येते. एका हाताची बोटं संशयाच्या जागेवर ठेवायची. दुसरा हात रुग्णाच्या हातात गुंफून, मनगट पूर्ववत दिसेपर्यंत बेतानं ओढायचं. तसं दिसू लागलं की ओढ कायम ठेवून रुग्णाचा पंजा मागेपुढे हलवायचा. प्रत्येक वेळी बोटांखाली हाड हललेलं जाणवेल, इतकं स्पष्ट की मनात शंका उरणार नाही.

कृती तीच, जिनं आधी फसवलं होतं. हातात हात गुंफून ओढणं हे आधी मुरगळण्याच्या समजाकडे नेत होतं, आता तेच निदानाची किल्ली ठरतं. फरक दोन गोष्टींचा. ओढ सोडायची नाही, आणि ओढलेलं असतानाच हलवून पाहायचं. कारणही आज आपण नीट सांगू शकतो. मोडलेलं टोक पुष्कळदा वरच्या भागात घट्ट रुतून बसलेलं असतं. रुतलेले तुकडे हलवले तर ते एकसंध हाडासारखे वागतात, म्हणून करकर नाही, हालचाल नाही. ओढलं की ते सुटे होतात, आणि सुटे झाल्यावरच मोडल्याची ग्वाही देतात. वाकडं असताना मनगट खरं सांगत नव्हतं, सरळ केल्यावर ते बोललं. एखाद्या घट्ट बांधलेल्या कथेत सुरुवातीला सहज ठेवलेली वस्तू शेवटी निर्णायक ठरावी, तसं हे घडतं. पण कथाकार ती वस्तू योजून ठेवतो. इथे ती कॉलिस यांच्या हातात खरोखरच बराच काळ होती आणि त्यांना उमगत नव्हती. मला हा परिच्छेद दर वेळी हलवून जातो.

पुढचा भाग झपाट्यानं वाचला तरी चालेल. निदान ठरल्यावर एकेक लक्षण आपापल्या जागी बसतं. रेडियसचं सांध्याकडचं तोंड सरळ खाली न राहता किंचित मागे वळतं, मनगट आणि पंजा त्याच्यामागोमाग जातात, म्हणून पाठीवर उंचवटा. उपचारात पुढच्या बाजूने मोडलेल्या जागेवर जाड गादी, वर पट्टी, आणि हाताच्या आकाराच्या पत्र्याच्या दोन फळ्या, मनगटापाशी अरुंद आणि बोटांच्या मुळापर्यंत पोचणाऱ्या. अल्नाच्या कडेला एक चिंचोळी लाकडी फळी. तीही आधी काही रुग्णांतच वापरली होती, आता सर्वांत वापरावी असं वाटतं, अशी नोंद करायला ते विसरत नाहीत. मत बदलतंय हे मत देतानाच सांगण्याचा हा मोकळेपणा लेखाच्या स्वभावाशी जुळणारा आहे.

रसग्रहणात उणिवाही मोजायला हव्यात. वाकडेपणाचं कारण कॉलिस अंगठा ताठ करणाऱ्या स्नायूंच्या ओढीत शोधतात. आज ते प्रामुख्यानं पडतानाच्या आघाताच्या जोरात आणि दिशेत शोधलं जातं. दीड इंच हे अंतरही जास्त ठरलं. डब्लिनचेच रॉबर्ट विल्यम स्मिथ यांनी १८४७ च्या ग्रंथात प्रत्यक्ष हाडांचे नमुने तपासून हा भंग सांध्याच्या बराच जवळ असतो हे दाखवलं. कॉलिस यांच्या लेखात विच्छेदन केलेल्या एकाही नमुन्याचा आधार नाही. आपल्या रीतीनं उपचार केलेले सगळे रुग्ण यत्किंचितही व्यंग न राहता बरे झाले, हे त्यांचं विधान तर आजचा कोणताही अनुभवी डॉक्टर सहज मान्य करणार नाही. शंकेच्या पायऱ्या इतक्या काळजीनं चढणारा लेखक यशाबद्दल बोलताना मात्र थोडा घाईत आहे. तरी ओळखण्याची रीत यातल्या कशावरही अवलंबून नाही. कारण चुकलं, अंतर चुकलं, तरी बोटांखाली हाड हललं ही गोष्ट खरीच राहिली.

आज ही रीत कोणी मुद्दाम वापरत नाही, आणि ते योग्यच आहे. एक्स-रे हाताशी असताना शुद्धीतल्या रुग्णाचं मोडलेलं हाड हलवून त्याला दुखवायचं कारण नाही. पण तिच्यामागची दृष्टी कालबाह्य झालेली नाही. मनगटातलं स्कॅफॉइड हे छोटं हाड मोडलं, तर पहिल्या एक्स-रेत ते कधीकधी दिसतच नाही. अंगठा ताठ केला की त्याच्या मुळाशी दोन दोऱ्यांच्या मध्ये जो खळगा पडतो, तिथे बोट दाबल्यावर दुखतं. तेवढ्यावर जाणता डॉक्टर हात आधारात ठेवतो आणि १०-१४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतो. चित्र निर्दोष आणि बोट साशंक असताना बोटाचं ऐकणं, हा धडा कॉलिस यांच्या लेखाशी नातं सांगतो.

लेखाच्या अखेरीस कॉलिस म्हणतात, की स्वतःच्याच रुग्णांवरून मत बनवायचं तर मनगटाची ही सर्वांत जास्त आढळणारी दुखापत ठरेल. पॅरिसचे देसो यांनी वर्णिलेलं रेडियसच्या टोकाचं निखळणं गेल्या तीन वर्षांत एकदाही दिसलं नाही, हा अस्थिभंग मात्र असंख्य वेळा दिसला. म्हणजे वर्षानुवर्षं अनेक वैद्य त्याच मनगटांना हात लावत होते आणि मान्यवर ग्रंथातल्या नावानं त्यांना ओळखत होते. त्या नावाविरुद्ध कॉलिस यांनी अधिकाराची भाषा वापरली नाही. त्यांनी वाचकाला सांगितलं की एक हात इथे ठेव, दुसऱ्यानं ओढ, आणि तुझ्या बोटांना काय लागतं ते बघ. स्वतःवर विश्वास ठेवायला न सांगता वाचकाच्या हाती तपासणीच सोपवणारं लेखन फार थोडं असतं. वैद्यकाच्या ग्रंथालयाबाहेरच्या वाचकानेही हा लेख वाचावा असं मला मनापासून वाटतं, ते एवढ्यासाठी.